पाचाला कंस

गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी एकावर,
भांड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर आमचं ऑफिस.
खाली दिवसभर पितळ वाजतं,
वर आम्ही चौघं मोंढ्यासाठी प्रोग्राम लिहितो:
पोतं काट्यावर, आकडा पडद्यावर, पट्टी हातात.

सोमवारी श्रीशैलनं विचारलं,
मॅडम, हे पाच सेकंद कशाचे?
पोतं ठेवलं की प्रोग्राम उगंच थांबायलाय.
काढून टाकू?
सोयाबीनचा हंगाम, फाटकापर्यंत ट्रॅक्टर,
दीड हजार पोती गुणिले पाच –
दोन तास पाच मिनिटं.
हिशोबच करून आणला होता लेकरानं.

मी डिझाइनची फाइल उघडली.
एकच ओळ: थांबा, पाच सेकंद. कारण, गरज क्रमांक एक्केचाळीस.
गरजांच्या यादीत एक्केचाळिसावी ओळ:
पट्टीवर बाजार समितीचं चिन्ह डावीकडं असावं.

आधी हसलो. मग कुणी हसेना.

दोन वर्षांत यादीत मधेच ओळी घुसल्या,
काही गळाल्या, कुणीतरी (मीच असेन)
एका शनिवारी सगळे नंबर नव्यानं लावले,
दिसायला नीट,
आणि डिझाइनला कळवलंच नाही.
ते बिचारं जुन्याच पत्त्यावर बोट दाखवत उभं.

ओळ लिहिणारा संगमेश्वर बिडवे आता हैदराबादला.
फोनवर म्हणाला, आठवत नाही गं,
पण मोंढ्यात एक मापाडी होते, शेरीकरचाचा.
हे त्यांचंच असणार.

पोत्याच्या तोंडाची शिवण उसवताना
बरोबर टोक हाती आलं तर सुतळी सरसर निघते,
चुकीचं ओढलं की गाठ.
दुपारभर मी गाठीच करत बसले होते.

मैनोद्दीन शेरीकर पत्र्याखाली, थप्पीला टेकून.
हाव, मीच सांगितलो त्याला.
पोतं टेकलं की आकडा नाचतोय, बाई.
आन् हमालाचा हात अजून पोत्यावरच.
हात निघू द्या, आकडा बसू द्या, मग लिहा.
किलोभर इकडं, किलोभर तिकडं,
सांजच्याला ते कुणाच्या तरी घरचं असतंय.

एवढंच होतं. चार ओळींत मावलं असतं.

माझे वडील औसा तालुक्यात तलाठी होते.
सातबाऱ्यावरचं जुनं नाव ते खोडत नसत,
कंस करत.
शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर.
त्या नंबरावरून दुसरं रजिस्टर,
तिथं लिहिलेलं: कोण वारलं, कुणी विकलं, कुणाच्या सहीनं.
लहानपणी मला वाटायचं
कंसातली माणसं खोलीत दार लावून बसलीत,
हाक मारली तर ओ देतील.

त्या रात्री भांड्यांचं दुकान बंद झाल्यावर
मी दोन्ही फायली शेजारी शेजारी मांडल्या.
दिलेला नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही.
गेलेल्या गरजेला कंस.
गरजेसमोर डिझाइनचं पान, पानासमोर गरज,
आणि दोघांच्या मधे, माणसांच्या भाषेत, का.
दोनशे बारा ओळी.
नऊ ठिकाणी 'का' सापडलाच नाही.
तिथं लिहिलं: कारण माहीत नाही. काढू नये. विचारावं.
विचारावं कुणाला, ते मात्र सुचलं नाही.

गुरुवारी श्रीशैल दिवसभर काट्याशेजारी उभा होता.
केसांत भुसा घेऊन परतला.
म्हणाला, मॅडम, चाचांचं बरोबर आहे, पण काटे नवे आलेत.
आकडा बसला की काटा स्वतःच सांगतो,
आपण ऐकतच नव्हतो.
दोन सेकंदांत बसतो. कधी तीन.
हात ठेवला तर बसतच नाही.

मग आम्ही बदललं.
पाच सेकंद गेले, काटा सांगेल तेव्हा, असं आलं.
चाचांना वाचून दाखवलं, त्यांनी मान हलवली,
दुसऱ्या पोत्याकडं बघत.

श्रीशैलचं बोट पाचावर, खोडायच्या बटणावर.
थांब म्हणाले.
त्यानं पाचाला कंस केला,
शेजारी नंबर टाकला, फेरफार एक,
आणि मला विचारलं,
वर्तुळ कसं काढायचं यात?